हलक्या गाडीस घोडे किती?

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक प्रश्न उत्पन्न झाला, आणि तो तीनही पिढ्यांस इतके दिवस पुरला कीं, अखेर तो कागदावर उतरून काढावा असें मला वाटूं लागलें. माझा पुतण्या पुण्यास एका कारखान्यांत अभियंता आहे. त्याला दोन आसनांची, बिनछपराची आणि अंगानें हलकी अशी एक स्पोर्ट्स मोटार घ्यावयाची होती. गाडी नवी नव्हे. कोणा हौशी गृहस्थानें पुष्कळ वर्षें जपलेली. पैशाची कांहीं तरतूद त्यानें स्वतः केली होती. उरलेली घरच्या सामाईक पुंजींतून व्हावी अशी त्याची इच्छा होती, आणि सामाईक पुंजीचा हिशेब मी ठेवीत असल्यामुळें अर्ज माझ्याकडे गोंदियास आला.

अर्ज गाडीपुरताच असता तर मीं होय किंवा नाहीं म्हणून मोकळा झालों असतों. परंतु त्यांत आणखी एक कलम होतें. गाडी हातीं येतांच तिचें मूळचें इंजिन काढून टाकावयाचें आणि त्या जागीं दोनशें हॉर्सपॉवरचें टर्बो इंजिन बसवावयाचें. यास गाडीच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा खर्च येणार होता. मीं फोनवर कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, "काका, शंभर हॉर्सपॉवर म्हणजे आजकाल कांहींच नाहीं हो!"

"कशाच्या मानानें कांहींच नाहीं?" मीं विचारलें. चाळीस वर्षें वर्गांत हाच प्रश्न विचारण्याची संवय. ती निवृत्तीनंतर सुटत नाहीं.

या प्रश्नाचें सरळ उत्तर त्यालाहि देतां आलें नाहीं व मलाहि नाहीं. मग आम्हीं दोघांनीं मिळून तें शोधून काढावयाचें ठरविलें. यंत्राची माहिती त्याची व त्रैराशिक माझें, अशी कामाची वांटणी झाली. हवेच्या विरोधाचें सूत्र त्यानें मला शिकविलें हें येथें कबूल केलें पाहिजे; मी पडलों मॅट्रिक आणि संस्कृताचा शिक्षक.

प्रथम या जातीच्या गाडीची वंशावळ थोडक्यांत सांगतों. १९५७ सालीं इंग्लंडांत कॉलिन चॅपमन यानें आपल्या लोटस कारखान्यांतून 'सेव्हन' नांवाची गाडी बाहेर काढली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन माणसें कशीबशी मावतील एवढी जागा, आणि चाकें उघडीं. आरंभींच्या गाड्यांत फोर्डचें ११७२ सी. सी. चें जुनाट पद्धतीचें इंजिन असे व त्याची शक्ति अवघी ४० हॉर्सपॉवर होती. असें असूनहि ही गाडी शर्यतींत आपल्याहून दुप्पट शक्तीच्या गाड्यांस जड जाई, कारण तिचें वजन पांचशें किलोच्या आंतबाहेर होतें. १९७३ सालीं ती बांधण्याचा हक्क केटरहॅम या मंडळीकडे गेला, व त्या घराण्याच्या गाड्या तेथें आजहि तयार होतात.

या घराण्याची एक शाखा आपल्या महाराष्ट्रांत, अलिबागेजवळ कार्लेखिंड येथें निघाली, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. चिंकारा मोटर्स या छोट्या कारखान्यानें हातानें बांधलेली जी 'रोडस्टर' काढली, तिचा घाट उघड उघड लोटस सेव्हनचा आहे. इंजिन मात्र इसुझु जातीचें, १८०० सी. सी. चें, म्हणजे ज्या जातीचें इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसडरला बसत असे तेंच. ॲम्बॅसडर कोणास सांगावयास नको. लग्नाच्या वऱ्हाडापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांस वाहून नेणारी ती भारदस्त गाडी वजनानें अकराशें किलोहून अधिक होती, आणि या इंजिनाची शक्ति तिच्यांत ७५ हॉर्सपॉवर सांगत. त्याच कुळांतलें इंजिन थोडें अधिक तापट करून कित्येक मणांनीं हलक्या अशा सांगाड्यांत बसविलें, आणि मामलेदाराचा घोडा एकाएकीं पेंढाऱ्याचें तट्टू झाला! माझ्या पुतण्यानें पसंत केलेली गाडी याच अलिबागच्या कुळांतली. तिची शक्ति शंभराच्या थोडी पुढें आहे, आणि तीच त्याला अपुरी वाटत होती.

त्याच्या बाजूनें बोलावयाचें तर त्याच्याजवळ दाखला होता, आणि तोहि घरचाच. २०१७ च्या मार्चांत जिनिव्हाच्या प्रदर्शनांत टाटा मोटर्सनें 'रेसमो' नांवाची दोन आसनांची लहानशी स्पोर्ट्स मोटार मांडली होती. १.२ लिटरचें टर्बो इंजिन, शक्ति १९० हॉर्सपॉवर, व उभ्या जागेवरून ताशीं १०० किलोमीटरचा वेग सहा सेकंदांच्या आंत. ती गाडी पुढें बाजारांत आलीच नाहीं; परंतु तरुणांच्या मनांत १९० हा आंकडा राहून गेला. "टाटांनीं एकशेंनव्वद घातले, मग मीं दोनशें घातले तर काय बिघडलें?" असा त्याचा कोटिक्रम.

आतां हा 'घोडा' म्हणजे काय तें पाहूं. जेम्स वॉट यानें आपलीं वाफेचीं यंत्रें विकतांना गिऱ्हाइकांस समजावें म्हणून हें माप बसविलें: मिनिटास ३३,००० पौंड वजन एक फूट उंच उचलणें म्हणजे एका घोड्याचें काम. युरोपांतील मेट्रिक पद्धतींत तेंच माप ७५ किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उचलणें असें जवळजवळ येतें. माझें वजन नेमकें ७५ किलो आहे. तेव्हां मी आडांत पडलों असतां सेकंदास एक मीटर या गतीनें मला जो वर ओढील तो एक हॉर्सपॉवर, असें मीं घरांतील मुलांस सांगितलें आणि तें त्यांना तत्काळ समजलें. खरा घोडा अल्पकाळ याच्या किती तरी पट जोर करूं शकतो, सुमारें पंधरा पटींपर्यंत; वॉटचें माप दिवसभर राबणाऱ्या जनावराचें आहे.

पुढील गणितासाठीं गाडी ६०० किलोची धरूं. चालक व पेट्रोल मिळून आणखी ८०. एकूण ६८० किलो. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगानें जातांना तिला दोन विरोध होतात. पहिला टायरांचा, तो वजनाच्या सुमारें दीड टक्का असतो व वेग वाढला तरी फारसा वाढत नाहीं. दुसरा हवेचा, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. शक्ति म्हणजे विरोध गुणिले वेग. म्हणून हवा कापण्यासाठीं लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट केला तर हवेपुरते घोडे आठपट लागतात. उघड्या चाकांची, बिनछपराची गाडी हवा कापण्यांत फार अडाणी असते, हें लक्षांत घेऊन आम्हीं आंकडे मांडले. ताशीं ८० किलोमीटरला चाकांपाशीं साडेदहा हॉर्सपॉवर लागतात. १२० ला ३०. १६० ला ६७. आणि २०० ला १२६.

हे आंकडे फळ्यावर मांडून झाल्यावर मी थोडा साशंक झालों, कारण फळ्यावर कांहींहि सिद्ध होतें. परंतु पडताळा लवकरच मिळाला. केटरहॅमनें २०१३ सालीं याच घाटाची एक अगदीं साधी गाडी काढली होती. तिच्यांत सुझुकीचें ६६० सी. सी. चें इंजिन असून शक्ति ८० हॉर्सपॉवर व वजन ४९० किलो. तिचा परमवेग ताशीं १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, असा छापलेला आहे. इंजिनापासून चाकांपर्यंत येतांना गिअर वगैरेंत शेंकडा पंधरा शक्ति खर्ची पडते असें धरलें, तर ८० पैकीं चाकांपाशीं ६८ उरतात. आमच्या फळ्यावर ६७ होते! त्या दिवशीं संध्याकाळीं मीं दोनदां चहा मागितला.

आतां हे आंकडे आपल्या रस्त्यांवर आणून ठेवावेत. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणें मोटारीस द्रुतगति मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० ही कमाल मर्यादा ठरविण्यांत आली होती. म्हणजे समृद्धि महामार्गावर कायद्याच्या शेवटच्या टोंकापर्यंत गेलें तरी या गाडीचे ३० घोडे चाकांपाशीं राबतात, आणि गोंदियाहून गोरेगांवास जातांना दहासुद्धां पुरे होतात. आमच्या वहिनी, म्हणजे मुलाच्या आई, दाराशीं धान्य निवडीत ऐकत होत्या. त्यांनीं विचारलें, "मग उरलेले घोडे दिवसभर करतात काय?"

प्रश्न मार्मिक होता, आणि पुतण्याचें उत्तरहि तितकेंच मार्मिक होतें. तो म्हणाला, "आई, एवढेंच असेल तर नॅनोलासुद्धां स्पोर्ट्स मोटार म्हण." टाटांची नॅनो, जी २००९ सालीं निघाली, तिचें वजन सुमारें ६०० किलो आणि शक्ति ३५ हॉर्सपॉवर, म्हणजे आमच्या फळ्यावरच्या गाडीच्याच वजनाची ती होती. ती १०५ च्या वेगानें जाई खरी, पण १०० पर्यंत पोहोंचावयास जवळजवळ अर्धें मिनिट घेई. स्पोर्ट्स मोटारीचा आनंद एकसारख्या वेगांत नसून वेग बदलण्यांत असतो. वळणांतून बाहेर पडतांना, घाट चढतांना, पुढच्या मालमोटारीस ओलांडतांना ती किती तत्पर आहे यांत असतो. त्याकरितां शिलकी शक्ति हवी. मुलाचें म्हणणें खरें होतें, म्हणून आम्हीं तेंहि मोजलें. दहास एक अशा चढणीवर ताशीं ६० नें जावयास चाकांपाशीं सुमारें २० हॉर्सपॉवर लागतात. हें कांहीं फार नव्हे. पण ६८० किलोची गाडी उभ्या जागेपासून आठ सेकंदांत १०० च्या वेगास न्यावयाची तर सरासरीनें ४५ हॉर्सपॉवर सतत खर्च होतात, आणि इंजिन कांहीं प्रत्येक क्षणीं आपली पूर्ण शक्ति देत नसल्यामुळें त्याच्या अंगीं ७५ ते ८० असावे लागतात. सहा सेकंदांत न्यावयाची तर शंभराच्या पुढें. दीड हजार किलोच्या जड गाडीस तेंच आठ सेकंदांचें काम करावयास पावणेदोनशें लागतील. म्हणजे हलकेपणानें येथें शंभर घोड्यांची बचत केली, आणि त्या घोड्यांस दाणावैरण लागत नाहीं.

येथवर आमचा वाद बरोबरींत होता. पुढें जें घडलें त्यानें तो एका बाजूस कलला.

नारळीपौर्णिमेस पुतण्या घरीं आला, तो नागपुराहून एका मित्राची गाडी मागून घेऊन. गाडी परदेशी बनावटीची, मागील चाकांस शक्ति देणारी, अडीचशें हॉर्सपॉवरची, आणि दीड हजार किलोची. चाकांची घसर आवरणारी विजेची यंत्रणा तिच्यांत होती, पण मित्रानें ती हौसेखातर बंद करून ठेवली होती, आणि पुतण्यानेंहि ती तशीच राहूं दिली. "काका, एकदां बसून पाहा, मग गणित करा," असें म्हणून त्यानें मला शेजारीं बसविलें व आम्हीं गोरेगांवच्या रस्त्याला लागलों. ते दिवस रोवणीचे. आमच्या बाजूस त्या दिवसांत बांध्यांतून चिखलणी करून निघालेले ट्रॅक्टर आपल्या लोखंडी चाकांतला चिखल डांबरी रस्त्यावर सांडीत जातात, आणि वर पावसाची भुरभुर असली म्हणजे तो रस्ता साबण लावल्यासारखा होतो. पुढें एक ट्रॅक्टर होता. ताशीं पन्नासचा वेग असेल. ट्रॅक्टर ओलांडण्यासाठीं मुलानें पाय दाबला.

पुढची हकीकत सांगावयास लागतो त्याहून कमी वेळांत घडून गेली. गाडीचा पाठीमागचा भाग डावीकडे निघाला, समोरचा रस्ता नाहींसा झाला, झाडें उलट दिशेनें धांवूं लागलीं, आणि आम्ही थांबलों तेव्हां गाडीचें तोंड गोंदियाकडे होतें. रस्त्याच्या कडेला डोक्यावर रोपांची पेंढी घेतलेली एक बाई उभी होती. तिच्यांत व आमच्यांत दहा हातांचें अंतर होतें. तिनें पेंढी खालीं टाकली नाहीं, ओरडली नाहीं. आमच्याकडे थोडा वेळ पाहिलें आणि बांधावरून शेतांत उतरली. मुलगा दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिला. घरीं आल्यावर त्यानें गाडीची किल्ली देवघराच्या कोनाड्यांत ठेवली, व रात्रीं जेवतांना कोणाशींहि बोलला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो आपण होऊन फळ्याकडे आला. आम्हीं आतांपर्यंत इंजिन काय देऊं शकतें एवढेंच मोजलें होतें. रस्ता काय घेऊं शकतो तें मोजलें नव्हतें. टायर रस्त्यास जितका धरूं शकतो त्याहून अधिक जोर त्यावर केला तर तो फिरतो, पण ढकलीत नाहीं. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ही पकड चाकावरील भाराच्या आठ-दशांशांपर्यंत असते; चिखलानें माखलेल्या रस्त्यावर तीन-दशांश राहिली तरी नशीब. दोन माणसांसह त्या गाडीचें वजन साडेसोळाशें किलो धरलें व निम्मा भार मागील चाकांवर धरला, तर ताशीं ५० च्या वेगानें त्या चिखलांत तिला उपयोगांत आणतां येण्यासारखे हॉर्सपॉवर केवळ ४६ होते. तिच्याजवळ होते २५०. उरलेल्या दोनशें चार घोड्यांनीं आम्हांस गोंदियाकडे तोंड करून उभें केलें.

आणि हलकी गाडी? तिची तर पकडहि तिच्या वजनाइतकीच हलकी. त्याच चिखलांत, त्याच वेगानें, आमच्या ६८० किलोच्या गाडीस १९ हॉर्सपॉवरांपलीकडे कांहींहि वापरतां आलें नसतें. हा आंकडा पाहून आम्ही दोघेहि चकित झालों. हलकेपणामुळें शक्ति कमी लागते एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. हलकेपणामुळें शक्ति कमी पचते ही दुसरी बाजू कोणीहि सांगत नाहीं. कोरड्या रस्त्याचें गणित पाहिलें. वेग घेतांना भार थोडा मागें सरकतो, म्हणून मागील चाकांवर सहा-दशांश धरला. तरीसुद्धां ताशीं ४० ला ४८ आणि ६० ला ७२ हॉर्सपॉवर, इतकेंच रस्ता घेतो. म्हणजे चाकांपाशीं ७२ असलेली गाडी, जिच्या इंजिनाची शक्ति ८५ च्या घरांत येईल, ती उत्तम कोरड्या डांबरावरसुद्धां ६० च्या वेगापर्यंत चाकें फिरवूं शकते. दोनशें हॉर्सपॉवरचें इंजिन घातलें तर हीच गोष्ट ताशीं १४० पर्यंत होत राहील. म्हणजे ज्या ज्या वेगानें मुलगा ती गाडी कायद्यानें चालवूं शकेल, त्या प्रत्येक वेगास उजव्या पायाचा अंगठा थोडा अधिक दबला कीं मागचीं चाकें सुटलीं.

येथें मला नलाची गोष्ट आठवली, आणि संस्कृताच्या शिक्षकास ती न आठवली तरच नवल. शिवाय ती आमच्या विदर्भाचीच आहे. वनपर्वांत अयोध्येचा ऋतुपर्ण राजा एका दिवसांत विदर्भाच्या कुंडिनपुरास पोहोंचूं पाहतो, आणि बाहुकाच्या रूपांतला नल अश्वशाळेंतून घोडे निवडतो ते अंगानें कृश. राजा रागावतो, अशा अल्पबल घोड्यांनीं एवढी मजल कशी मारणार, ही थट्टा आहे काय, असें विचारतो. बाहुक त्यांचीं लक्षणें सांगतो आणि म्हणतो कीं, महाराजांस दुसरे हवे असतील तर तेच जुंपतों. पुढें रथ असा धांवतो कीं, राजाचें उत्तरीय खालीं पडतें, आणि तो तें उचलण्यासाठीं थांब म्हणेपर्यंत तें एक योजन मागें राहिलेलें असतें. कुंडिनपूर तें अमरावती जिल्ह्यांत वर्धा नदीकांठीं असलेलें कौंडण्यपूर, अशी आपल्याकडे परंपरा आहे. मुलानें लहानपणीं ही गोष्ट माझ्याकडून ऐकली होती. तो म्हणाला, "पण काका, नल हांकीत होता." मीं म्हटलें, "तेंच तर."

मग आम्हीं जगांतल्या नांवाजलेल्या हलक्या गाड्यांचे आंकडे एका कागदावर उतरून काढले. १९४५ सालीं निघालेली एम. जी. टी. सी., जिच्यामुळें अमेरिकेंतील तरुणांस या जातीच्या गाड्यांचें वेड लागलें, ती ५४ हॉर्सपॉवरची. १९५८ ची ऑस्टिन-हीली स्प्राइट ४३ ची. १९८९ ची मझदा एम. एक्स. ५, जी पुढें दहा लाखांहून अधिक खपली, ती आरंभीं ११६ ची आणि वजनानें साडेनऊशें किलोंच्या आसपास. १९९६ ची लोटस एलिझ ११८ ची, वजनानें सव्वासातशेंच्या जवळपास. चालकासह दर टनास शंभर ते दीडशें हॉर्सपॉवर या पट्ट्यांत लोकांच्या मनांत राहिलेल्या बहुतेक गाड्या सांपडतात; जुन्या गाड्या त्याच्याहि खालीं. आमच्या फळ्यावरच्या ६८० किलोस हें प्रमाण लावलें तर ७० ते १०० येतात. वेग घेण्याच्या गणितानें ७५ ते ८० मागितले होते, पकडीच्या गणितानें ८५ च्या पुढें हात आखडला होता. तीन वेगळ्या वाटांनीं आम्हीं एकाच गांवांत येऊन पोहोंचलों. माझें मत म्हणाल तर सहाशें किलोच्या गाडीस ८० हॉर्सपॉवर पुरेत, शंभर म्हणजे चैन, आणि त्यापुढचे बहुतेक घोडे तबेल्यांत उभे करून मित्रांस दाखविण्याचे.

शर्यतीच्या बंदिस्त मार्गाची गोष्ट निराळी, हें मान्य केलें पाहिजे. कोइमतूरची करी स्पीडवे किंवा नोएडाजवळचा बुद्ध सर्किट, अशा ठिकाणीं समोरून कोणी येत नाहीं, रस्ता झाडलेला असतो, टायर विशेष जातीचे असतात, आणि मैदानाच्या कडेला रोपांची पेंढी घेऊन कोणी उभें नसतें. केटरहॅमच्याच घराण्यांत तीनशेंहून अधिक हॉर्सपॉवरची गाडी निघाली आहे, आणि ती हांकणारे लोकहि आहेत. त्यांच्याशीं माझें भांडण नाहीं.

इंजिन बदलण्यांत कायद्याचाहि एक कांटा आहे, तो पुष्कळ हौशी लोकांच्या पायांत उशिरा मोडतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांत लिहिलेल्या मूळ रचनेंत मन मानेल तसा फेरफार करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं हीच गोष्ट स्पष्ट केली. परिवहन कार्यालयाच्या संमतीवांचून दुसरें इंजिन घातलें तर नोंदणी धोक्यांत, आणि अपघात झाल्यास विम्याची मंडळी प्रथम तेंच पाहणार.

मीं मुलास नकार दिला नाहीं. गाडीचे पैसे सामाईक पुंजींतून द्यावयाचें आम्ही सर्वांनीं ठरविलें. टर्बोचें कलम त्यानें स्वतःच खोडलें. त्या खर्चाच्या चौथाईंत त्यानें चार नवे टायर, नवे ब्रेक आणि नवीन शॉक ॲब्सॉर्बर बसविले. ताशीं १०० च्या वेगावरून चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबावयास, पाय ब्रेकवर पडल्यापासून साधारण ५५ मीटर लागतात, आणि पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला तर त्याआधीं २८ मीटर निघून जातात, हें आम्हीं फळ्याच्या एका कोपऱ्यांत लिहिलें होतें. तो कोपरा अद्याप पुसलेला नाहीं. उरलेल्या पैशांत तो कोइमतूरला गाडी हांकण्याचे धडे घेऊन आला.

दिवाळीस गाडी घरीं आली. लाल रंगाची, कमरेइतकी उंच, आणि आंत शिरतांना माझ्या गुडघ्यांचा कस पाहणारी. वहिनींनीं तिला ओंवाळलें, मग भोंवतीं एक फेरी घालून आंत डोकावून पाहिलें, आणि त्या म्हणाल्या, "आपण घरांत चौदा माणसें. यांत बसणार दोन!" त्यावर मुलांनीं फळ्यावर, त्या न पुसलेल्या कोपऱ्याखालीं, नवेगांव बांधास जावयाची पाळी लिहून काढली आहे. वहिनींची पहिली. माझी पांचवी.